डावी कूस

थोरलीनं चष्मा रुमालानं पुसला, परत नाकावर चढवला आणि पडद्याच्या इतकी जवळ जाऊन उभी राहिली की सोनोग्राफीवालीला हात थांबवावा लागला.

"आजी, जरा मागे सरा. मला दिसायला नको का?"

"तुला रोजच दिसतं, बाई. मला आज दिसतंय."

खोलीत अंधार होता. खिडकीवर जाड काळा पडदा, यंत्राची एकसुरी घरघर आणि औषधाचा तो वास, जो नंतर चार दिवस कपड्यांतून जात नाही. टेबलावर सून उताणी पडली होती. पाचवा महिना सरत आलेला, पण पोट नववा ओलांडल्यासारखं तट्ट फुगलेलं. कातडी ताणून ताणून निळ्या शिरा वर आल्या होत्या. नेहमीच्या डॉक्टरांनी दोनदा तपासलं, तिसऱ्यांदा हात टेकले आणि ह्या मोठ्या हॉस्पिटलात पाठवलं. इथं म्हणे पोटातल्या पोटात बाळांवर उपचार करतात.

थोरली हे तिचं घरातलं नाव. ती थोरली सून म्हणून आली तेव्हा तिच्या वर चार माणसं होती. ती सगळी गेली, नाव तेवढं उरलं. शाळा तिसरीतच सुटली, पण जन्मभर शिवणाचं दुकान चालवलं. समोर उभ्या राहिलेल्या माणसाचा एक खांदा दुसऱ्यापेक्षा बोटभर खाली असला, तर टेप न लावता सांगायची. आपली नजर कधी चुकत नाही, असं ती स्वतःच म्हणे, आणि ऐकणाऱ्यानं मान डोलवली नाही तर पुन्हा म्हणे.

पडद्यावर दोन बाळं होती. डावीकडचं मोठं. त्याच्याभोवती काळंभोर पाणी पसरलं होतं आणि त्यात ते मजेत कोलांट्या घेत होतं. उजव्या कडेला दुसरं होतं, भिंतीला पाठ लावून. ते हलत नव्हतं. एक बारीक पापुद्रा त्याच्या सगळ्या अंगाला ओल्या कपड्यासारखा चिकटला होता. नाक, हनुवटी, आवळलेल्या मुठी, सगळं त्यातून उमटलं होतं. त्याचं तोंड खोलीच्या दिशेला होतं.

"हे माझ्याकडं बघतंय," थोरली म्हणाली.

"ह्या वयात डोळे मिटलेले असतात, आजी."

"मग मिटल्या डोळ्यांनी बघतंय."

सोनोग्राफीवालीनं मान फिरवली. तिनं पोटावर टेकवलेला यंत्राचा दांडा जरा सरकवला, जास्तच घाईनं.

डॉक्टरीणबाई आल्या. लहानखुऱ्या, थकलेल्या, आवाज चढवून बोलायची कधी गरजच न पडलेल्या. त्यांनी सुनेच्या खांद्यावर हात ठेवला आणि पडद्याकडं पाहत सांगितलं, "वार एकच आहे, दोघांत मिळून. तिच्यातल्या रक्तवाहिन्या एकमेकींना जोडल्या गेल्यात. हे बारकं आपलं रक्त त्याला देतंय आणि ते मोठं नुसतं घेत सुटलंय. आम्ही इथं त्यांना तसंच म्हणतो. देणारं आणि घेणारं."

"म्हणजे एक उपाशी आणि एक गलेलठ्ठ," थोरली म्हणाली.

"घेणाऱ्यालाही ते सुखाचं नाही. त्याच्या हृदयाला इतकं रक्त झेपत नाही. दोघांनाही धोका आहे."

"चोराला अपचन झालं म्हणून मी रडत बसू का?"

भिंतीशी उभा असलेला थोरलीचा मुलगा खाकरला. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. सकाळी हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये शिरल्यापासून तो तिच्या दोराच्या आवाजाबद्दलच बोलत होता, कारण दुसरं काही बोलायचं त्याच्यानं होत नव्हतं.

"देणाऱ्याची लघवीची पिशवी दिसत नाहीये," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "रक्त कमी, म्हणून लघवी नाही. लघवी नाही, म्हणून त्याच्याभोवती पाणी नाही. ती पिशवी भरलेली दिसली, एवढासा काळा ठिपका, की आम्ही समजतो बाळ सावरलं."

मग त्यांनी दोन वाटा सांगितल्या. पहिली, दुर्बिणीची बारीक नळी पोटात घालायची आणि जोडलेल्या वाहिन्या लेसरनं जाळून बंद करायच्या. मग ज्याचं त्यानं आपल्या रक्तावर जगायचं. दोन्ही वाचतील, कदाचित एक वाचेल, कधी कधी एकही नाही. दुसरी, देणाऱ्याची नाळ बंद करायची. म्हणजे मग मोठ्याची बरीचशी खात्री.

"उद्या सकाळी सांगा. घाई करत नाही, पण थांबायलाही वेळ नाही."

सून इतका वेळ छताकडं पाहत होती. तिनं विचारलं, "त्याला दुखेल का?"

"कुणाला?"

"बारक्याला. बंद केलं तर."

"बंद करायला ते काय नळ आहे?" थोरली कडाडली. "दोन्ही पाहिजेत आम्हाला. लिहून घ्या."

सुनेनं डोळे मिटले. जेल पुसायला दिलेला कागद तिच्या हातात तसाच राहिला.

बाहेर बाकावर बसल्यावर मुलगा म्हणाला, "आई, तिला तरी विचारायचं."

"विचारलं असतं तर काय बोलली असती? 'तुम्ही म्हणाल तसं.' लग्न झाल्यापासून दुसरं वाक्य ऐकलंय का तू तिच्या तोंडून? तिचा वेळ वाचवला मी."

"तसं नाही..."

"तसंच आहे. तू धाकटा होतास. तुझा दादा तुझं दूध प्यायचा आणि रिकामा पेला तुझ्यापुढं सरकवून ठेवायचा. मी बघायचे. एक दिवस असा हाणला त्याला की पुन्हा तुझ्या पेल्याला शिवला नाही. धाक लागतो, बाबा. त्याशिवाय घेणारा थांबत नाही."

"आई, ते पोटात आहे अजून."

"पोटात शिकलं नाही, तर बाहेर येऊन काय शिकणार?"

तो हसला. बऱ्याच दिवसांनी हसला, म्हणून तिनं पुढचं बोलणं गिळलं.

दुसऱ्या दिवशी सुनेला हिरवा झगा घालून आतल्या छोट्या खोलीत नेलं. नर्सनं गुंगीचं इंजेक्शन दिलं. मुलगा सह्या करायला गेला, नर्स कशाला तरी बाहेर गेली आणि खोलीत दोघीच उरल्या. सुनेचा श्वास संथ झाला होता. ओठ किंचित उघडे, चेहरा लहान मुलीसारखा सैल.

थोरली उठली. दार लोटलेलं आहे याची तिनं खात्री केली. मग पलंगाला वळसा घालून सुनेच्या डाव्या अंगाला गेली. पडद्यावर मोठं डावीकडं होतं, ते तिच्या डोळ्यांपुढून हललं नव्हतं. तिनं चादर खाली केली आणि डाव्या कुशीवर तळवा ठेवला. कातडी गरम होती. ती वाकली. दुकानातून कापड पळवणाऱ्या पोरींशी ज्या आवाजात बोलायची, तोच आवाज काढला. त्या आवाजात ओरडणं नव्हतं, म्हणून पोरी त्याला जास्त घाबरायच्या.

"ऐक," ती म्हणाली. "बस झालं आता. तुझ्यापायी दुसऱ्याचा जीव चाललाय. एकानं जायचंच असेल, तर ते तू. कळलं? सोड आणि गपचूप निघून जा. तुझ्या नावानं इथं कुणी रडणार नाही. ते मी बघते."

तळव्याखाली काहीतरी सळसळलं. दोन पदरांच्या मधून कुणी दोरा ओढून घ्यावा तसं, अगदी बारीक. मग ते थांबलं. नुसतं थांबलं नाही. दाराआड लपलेलं माणूस पावलांची चाहूल लागताच श्वास धरतं, तसं आत कुणीतरी थबकलं.

थोरलीच्या मानेवर काटा आला. पण धाक बसला, असं मनाशी म्हणून तिनं चादर सारखी केली आणि परत खुर्चीत येऊन बसली. सून हलली नव्हती. तिचे ओठ मात्र आता मिटलेले होते.

बाहेरच्या बाकावर पोपटी स्वेटर घातलेली एक बाई बसली होती. तिचंही पोट मोठं होतं. ती बिस्किटं खात होती आणि पुडा थोरलीपुढं करत होती, जणू दोघी एकाच गाडीच्या प्रवासाला निघाल्या होत्या.

"सून आत आहे का? लेसरला?"

"हो. तुम्ही?"

"माझं झालं मागच्या महिन्यात. आता नुसतं तपासायला येते. आमचंही असंच होतं, देणारं-घेणारं." तिनं बिस्किटाचा चुरा पोटावरून झटकला. "एक राहिलं."

"दुसरं काढलं?"

"काढत नाहीत. काढलं तर जिवंत आहे ते पण बाहेर येईल. तिथंच ठेवतात. दिवस भरले की दोन्ही मिळून येणार."

थोरलीच्या हातातलं बिस्कीट तसंच राहिलं.

"मग ते... शेजारीच?"

"शेजारीच. पडद्यावर दिसतं की. आधी माझं हे त्याला पायानं ढकलायचं, उठवल्यासारखं. आता ढकलत नाही. आता त्याच्याकडं डोकं करून झोपतं." बाईनं पोटावर हात फिरवला, एकदा इकडं आणि एकदा तिकडं, सारखाच. "मी दोघांशी बोलते. एकाशीच बोललं तर दुसऱ्याला काय वाटेल?"

"त्याला काय वाटायचंय आता?"

"जिवंत आहे त्याला म्हणते मी. त्याला कळतं ना, कुणाशी बोलायचं बंद केलंय ते."

तिला आत बोलावलं. ती उठून गेली आणि पुडा बाकावर विसरली. थोरलीनं तो उचलून दुसऱ्या बाकावर ठेवला, आपल्यापासून लांब.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या तेव्हा त्यांच्या कपाळावर टोपीचा वळ उठला होता. जोडलेल्या सगळ्या वाहिन्या बंद झाल्या, म्हणाल्या. जास्तीचं पाणी काढलं. दोन्ही ठोके चालू आहेत. आता वाट बघायची.

सकाळी पुन्हा ती अंधारी खोली. सुनेचं पोट उतरलं होतं, त्यावर एक छोटी पट्टी. थोरली ह्या वेळी न सांगता मागं उभी राहिली. पडद्यावर मोठं होतं, जरा शांत झालेलं, अंगठा तोंडाशी. सोनोग्राफीवालीनं दांडा सरकवत सरकवत पलीकडं नेला. पापुद्रा अजून होता. पण त्याच्या आत, बारक्याची एक मूठ हळूहळू उघडत होती. एक बोट, मग दुसरं.

"ते बघा," सोनोग्राफीवाली कुजबुजली. "प्रयत्न करतंय."

"शाब्बास माझ्या वाघा!" थोरली म्हणाली.

बोटं मिटली. मूठ छातीशी गेली आणि तिथंच राहिली. खोलीतले सगळे वाट पाहत उभे राहिले. ठोका चालला होता, त्याची लुकलुक पडद्यावर दिसत होती, पण बाळ चित्रासारखं स्तब्ध.

"दमलं असेल," मुलगा म्हणाला.

"पिशवी?" थोरलीनं विचारलं.

"नाही दिसत अजून. थांबा, ह्या बाजूनं बघते." सोनोग्राफीवालीनं दांडा उचलला आणि सुनेच्या डाव्या कुशीवर टेकवला.

"तिकडं नाही," थोरली म्हणाली. "तिकडं मोठं आहे. डावीकडं मोठं."

"नाही, आजी. पडद्यावरचं डावं म्हणजे ह्यांचं उजवं. समोरासमोर उभं राहिलेलं माणूस कसं असतं, तसं. मोठं उजव्या कुशीत आहे. बारकं पहिल्यापासून इथंच, डावीकडं. त्याला हलायला जागा कुठाय?"

थोरलीनं आपल्या तळव्याकडं पाहिलं.

गिऱ्हाईक समोर उभं राहिलं की त्याचा डावा हात आपल्या उजवीकडं येतो, हे तिनं दुकानातल्या प्रत्येक नव्या पोरीला पहिल्या दिवशी शिकवलं होतं. टेबलावर अंथरलेल्या कापडाचं तसं नसतं. कापडाचं डावं ते आपलं डावं. पडद्यावर समोर माणूस होतं, आणि तिनं ते कापड समजून पाहिलं होतं.

तिनं खुर्चीची पाठ धरली.

"आई, बस ना," मुलगा म्हणाला.

"उभीच बरी आहे मी."

तिचा आवाज आला आणि पडद्यावर बारक्याचं डोकं किंचित खाली गेलं. खांदे वर झाले. रागावलेल्या माणसासमोर मूल अंग चोरतं, तसंच. सोनोग्राफीवालीनं पडद्याकडं पाहिलं, मग थोरलीकडं.

"ह्या वयात ऐकू येतं का त्यांना?" मुलानं विचारलं.

"अजून फारसं नाही. सुरुवात असते." ती थांबली. "आजी, तुम्ही... जरा वेळ बोलू नका, बरं का. बघू."

थोरली बोलली नाही. बाळही हललं नाही.

हॉस्पिटलसमोरच्या रस्त्यापलीकडं लांबून आलेल्या पेशंटांसाठी खोल्या होत्या. तिथं त्यांनी एक खोली घेतली होती; दोन पलंग, एक गादी, खिडकीतून दिसणारी कपडे धुण्याच्या दुकानाची गच्ची आणि तिच्यावर वाळणाऱ्या पांढऱ्या चादरींच्या रांगा. पुढचे दिवस तिथंच काढायचे होते. थोरली गप्प झाली. आधी मुलाला बरं वाटलं, मग भीती वाटायला लागली.

"आई, चहात साखर जास्त झालीय का?"

"नाही."

"मग शिव्या का देत नाहीस?"

तिनं कप धुवून पालथा घातला. सून समोर असली की ती खुणेनं बोलायची, नाहीतर खोलीबाहेर जाऊन गॅलरीतून चादरी बघत उभी राहायची. गच्चीवर कुणी नसतानाही एखादी चादर मध्येच आतून फुगायची. तेवढ्यात तिच्यामागून कुणीतरी तोंड टेकवून पाहतंय, असं नाकाहनुवटीचं काहीतरी उमटायचं आणि वारा पडला की जायचं. दुसऱ्या दिवशी ती तिथं पाठमोरी उभी राहिली.

पुढच्या तपासणीला ती आत गेली नाही. गुडघे धरलेत, म्हणाली. बंद दाराशी बसून राहिली. थोड्या वेळानं मुलगा धावत बाहेर आला.

"हललं, आई! हात वर नेला, पार डोक्यापर्यंत. पाय पण झाडला."

"पिशवी?"

"अजून नाही. पण डॉक्टर म्हणाल्या, थोडी आशा आहे. चार दिवसांत दिसली नाही तर मग..." त्यानं वाक्य सोडून दिलं. "तू ये ना आत. बघ तरी."

ती उठली. दारापर्यंत गेली, हात मुठीवर ठेवला. आत सून कशाला तरी हसत होती. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. थोरलीनं हात काढून घेतला.

"माझा चष्मा खोलीवर राहिलाय," ती म्हणाली. चष्मा तिच्या नाकावर होता. मुलगा तिच्याकडं बघत राहिला.

त्या दुपारी मुलगा औषधं आणायला गेला. सून पलंगावर उजव्या कुशीवर पडली होती. थोरली गॅलरीत जायला निघाली.

"आई."

थोरलीनं मागं वळून भुवया उंचावल्या.

"बोला ना तोंडानं. किती दिवस झाले, तुमचा आवाज नाही खोलीत. करमत नाही."

थोरलीनं पोटाकडं पाहिलं आणि मान हलवली.

"मला माहितीये का ते," सून म्हणाली. ती उठून बसली, भिंतीला टेकली. "मी जागी होते. त्या दिवशी. इंजेक्शननं जीभ जड झाली होती, डोळे उघडत नव्हते, पण ऐकू येत होतं सगळं."

गॅलरीचं दार वाऱ्यानं आपटलं. थोरलीनं ते लावून घेतलं आणि पाठ त्याला टेकवून उभी राहिली.

"तुम्ही डाव्या कुशीला आलात. हात ठेवलात. म्हणालात, एकानं जायचंच असेल तर ते तू. तुझ्या नावानं कुणी रडणार नाही." सुनेचा आवाज अगदी साधा होता, बाजारातलं सामान सांगावं तसा. "मला वाटलं, बाहेर सगळ्यांसमोर दोन्ही पाहिजेत म्हणाल्या, आणि इथं..."

"अगं..."

"थांबा. मला बोलू द्या, नाहीतर परत बोलणं व्हायचं नाही. मला राग नाही आला, आई. मला बरं वाटलं."

थोरलीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं.

"मी रोज तेच सांगत होते त्याला. इथं यायच्या आधीपासून. आंघोळ करताना, पाणी अंगावर घेताना. जा रे बाबा, म्हणायचे. तू गेलास तर एक तरी हातात येईल. तुझं काही ठेवत नाही मी, जा." तिनं ओढणीचं टोक बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं. "आई म्हणवून घ्यायची लाज वाटायची. वाटायचं, जगात माझ्यासारखी मीच. आणि मग तुम्ही वाकलात आणि माझेच शब्द बोललात. तुमच्यासारखी बाई. जिनं चार माणसांची दुखणी काढली, दोन पोरं वाढवली. तिलासुद्धा तसंच वाटलं, तर मग मी काही फार..."

ती थांबली. खाली रस्त्यावर कुणीतरी गाडी चालू करायचा प्रयत्न करत होतं. ती चालू होत नव्हती.

"तुम्हाला ठाऊक होतं ना, आई? डावीकडं बारकंच आहे ते?"

थोरलीचं तोंड उघडलं. खरं सांगायला चार शब्द पुरे होते. मी मोठ्याला बोलले, माझी बाजू चुकली. तेवढं म्हटलं की ती सुटत होती. पडद्यासमोरच्या त्या सकाळपासून तिला कुणालातरी हेच सांगायचं होतं. सुनेचे डोळे तिच्या तोंडावर खिळले होते. बोटाला गुंडाळलेल्या ओढणीनं बोटाचं टोक पांढरं पडलं होतं.

"मग?" थोरली म्हणाली. "मला काय डावं-उजवं कळत नाही?"

सुनेच्या तोंडून एक आवाज निघाला, हुंदका आणि हसणं यांच्या मधला. तिनं ओढणी सोडली. चेहरा दोन्ही हातांत घेतला आणि मोकळी रडली. थोरली तिच्याजवळ जाऊन पलंगाच्या कडेला बसली, तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, खालून वर, वरून खाली.

"गप. गप आता. नाक पूस. ओढणीला नको, रुमाल आहे तो घे."

ती बोलत होती, कितीतरी दिवसांनी, तिच्या नेहमीच्या आवाजात. आणि मग हात मध्येच थांबला. खोलीत दोघीच नव्हत्या. ती जे सुनेसाठी म्हणाली, ते डाव्या कुशीतल्यानंही ऐकलं होतं. पहिल्यांदा ती चुकून बोलली होती, आणि आता विचारल्यावर, खात्री देऊन, पुन्हा.

"काय झालं?" सुनेनं विचारलं.

थोरलीनं तिला हळूच आडवं केलं. चष्मा काढून उशीशी ठेवला. मग गुडघे खरंच दुखत असताना फरशीवर बसली आणि सुनेच्या डाव्या कुशीशी तोंड इतकं जवळ नेलं की ओठ कापडाला लागले.

"काय सांगताय त्याला?"

थोरलीनं उत्तर दिलं नाही. ती बोलत होती, पण सुनेपर्यंत पोचू नये इतक्या हलक्या आवाजात. नुसता गरम श्वास कातडीवर येत-जात राहिला. जन्मभरात कुणापुढं न उच्चारलेले शब्द होते ते, आणि ते तिला नीट येतही नव्हते, म्हणून अडखळत, पुन्हा मागून सुरू करत. सून छताकडं पाहत निजली होती. आत काहीच हलत नव्हतं. कुणीतरी ऐकत असावं, किंवा कुणी नसावंच, तशी ती शांतता होती.

बराच वेळ गेला.

मग थोरलीच्या गालाला एक धक्का बसला. स्पष्ट, जोराचा, दार आतून ढकलावं तसा.

"आई," सून कुजबुजली. "पाणी काढल्यापासून मोठंही सगळीकडं फिरतंय. हे कुठलं होतं?"

थोरलीनं गाल तिथून हलवला नाही.